चिंचोके, चिमटे आणि लिफ्टची बटणे: तीन ते सात वर्षांच्या मुलांना घरच्या घरी गणिताची ओळख

सोसायटीच्या गणेशोत्सवात दरवर्षी चार-साडेचार वर्षांचे एखादे मूल व्यासपीठावर उभे राहून एक ते शंभर न अडखळता म्हणून दाखवते आणि टाळ्या मिळवते. माझ्या मुलीनेही त्या मिळवल्या होत्या. त्याच रात्री आरतीनंतर पाने मांडताना मी तिला म्हटले, ‘‘चार चमचे आण गं,’’ तर तिने मूठभर चमचे आणून माझ्या हातात ठेवले. मोजले तर सात निघाले. ‘चार’ हा शब्द ‘तीन’नंतर आणि ‘पाच’च्या आधी येतो, एवढे तिला पक्के ठाऊक होते, पण चार म्हणजे नेमके किती, हे तिच्या हाताला अजून कळलेले नव्हते.

यात तिची काही चूक नव्हती. लहान मुलांसमोर खेळण्यांचा ढीग ठेवून ‘मला इतके दे’ असे सांगण्याच्या साध्या प्रयोगातून करेन विन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की दहापर्यंत घडाघडा म्हणणारी अनेक मुले सुरुवातीला फक्त ‘एक’ बरोबर देतात, बाकी कोणतीही संख्या मागितली की मूठ भरतात. काही महिन्यांनी त्यांना ‘दोन’ कळते, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’, आणि त्यानंतर केव्हातरी मोजून हवी ती संख्या काढता येते हे एकदम उमगते. या काळात पालकाने करण्याजोगे काम एकच आहे, ते म्हणजे मुलाच्या हातात वस्तू देणे आणि शब्द व अंक यांना त्यांच्या पाळीची वाट पाहायला लावणे. पुढील सर्व पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत: आधी वस्तू, मग शब्द आणि सर्वांत शेवटी लिहिलेला अंक.

तयारी

विकतचे संच आणण्याची आवश्यकता नाही. तारा मोडक यांनी १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबादला नेले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नाहीत हे ओळखून त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनवले. आपल्याकडे शिंपल्यांऐवजी बाटल्यांची बुचे आहेत, एवढाच काय तो फरक.

घरातून पुढील वस्तू जमवाव्यात: धुऊन वाळवलेले चिंचोके, बाटल्यांची एकाच आकाराची पन्नासेक बुचे, कपडे वाळत घालण्याचे चिमटे, प्लास्टिकच्या बांगड्या, आईस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, दोन रंगांचे मोठे मणी आणि सुतळी. ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात यांतले राहिलेले सामान सहज मिळते. तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे मिळाल्यास फारच उत्तम, कारण त्यात सहा ओळींत पाच-पाच खाचे असतात आणि दोन-दोन ओळींवर कापले की प्रत्येकी दहा खाचांच्या तीन चौकटी तयार होतात. ट्रे मात्र कोरडा आणि डाग नसलेला निवडावा. अंडी न आणणाऱ्या घरांत पुठ्ठ्यावर दोन ओळींत पाच-पाच चौकोन आखूनही काम भागते.

घरात तीन वर्षांखालील धाकटे भावंड असेल तर चिंचोके, मणी आणि बुचे त्याच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावीत. या वस्तू घशात अडकतात, आणि नाकात चिंचोका घालून घेण्याचा मोह मोठ्या मुलांनाही होतो. खेळ चालू असताना मोठ्या माणसाने शेजारी बसणे म्हणूनच आवश्यक आहे. मोबाइल पाहत बसणे यात धरलेले नाही.

वेळ दहा ते पंधरा मिनिटे पुरते. मूल उठून गेले तर खेळ संपला असे समजावे. ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक मराठी घरांत मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची असते, त्यामुळे कोणत्या भाषेत मोजावे हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. दोन्ही भाषांत मोजता येईल, परंतु एका खेळात एकच भाषा ठेवावी; ‘वन, टू, तीन, चार’ अशी सरमिसळ झाली की मूल शब्दांचा क्रम सांभाळण्यातच दमते आणि वस्तूंकडे त्याचे लक्ष राहत नाही.

पहिली पायरी: पुरले, उरले, कमी पडले

मोजणी शिकवण्याआधी एकास एक जोडी लावता आली पाहिजे, आणि त्यासाठी रात्रीच्या जेवणाइतकी उत्तम शाळा नाही. ताटे तुम्ही मांडावीत आणि मुलाच्या हातात वाट्यांची चळत द्यावी. प्रत्येक ताटात एक वाटी. मुद्दाम कधी एक वाटी जास्त द्यावी, कधी एक कमी, आणि शेवटी विचारावे, ‘‘पुरल्या का? उरल्या का? कमी पडल्या का?’’ आपल्या भाषेतली ही तीन क्रियापदे म्हणजे पुढे येणाऱ्या बेरीज-वजाबाकीची बीजेच आहेत, आणि मुलाला ती स्वयंपाकघरात आधीच ऐकून माहीत असतात. ‘आजीच्या ताटाला वाटी कमी पडली’ असे वाक्य मुलाने स्वतःहून उच्चारले की तो दिवस सार्थकी लागला असे खुशाल समजावे, मग त्याला ‘पाच’ म्हणता येवो वा न येवो.

याच काळात वर्गीकरण आणि क्रम लावणेही करून घ्यावे. वाळलेल्या कपड्यांतील मोज्यांच्या जोड्या लावणे, डब्यांना त्यांची झाकणे शोधून देणे, वाट्या लहानापासून मोठ्यापर्यंत मांडणे ही कामे घरात रोजच निघतात. लावून झाल्यावर ‘‘हे इथे का ठेवलेस?’’ असे विचारावे आणि उत्तर तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळे असले तरी ऐकून घ्यावे. माझ्याकडे खेळायला येणाऱ्या एका मुलाने बुचांचे दोन ढीग केले होते. रंग पाहिले तर दोन्ही ढिगांत सगळे रंग होते. विचारल्यावर कळले, की एका ढिगातली बुचे ‘आवाज करणारी’ होती, म्हणजे आपटल्यावर टणक वाजणारी. वर्गीकरण अगदी बिनचूक होते.

दुसरी पायरी: खरी मोजणी

या पायरीवर घाई करू नये. मोजता येणे म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टी साधणे असते, आणि रोशेल गेलमन व रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्या नेमक्या उलगडून मांडल्या: प्रत्येक वस्तूला एकच शब्द द्यायचा, शब्दांचा क्रम बदलायचा नाही, शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे एकूण वस्तू, कोणत्याही वस्तू मोजता येतात, आणि कोठूनही मोजायला सुरुवात केली तरी उत्तर तेच येते. मोठ्यांना या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की मुलाची चूक यांतल्या कोणत्या ठिकाणी होते आहे, हे ध्यानातच येत नाही.

तीन चिंचोक्यांपासून सुरुवात करावी. एका वाटीतील चिंचोका उचलायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा आणि तो टाकतानाच शब्द उच्चारायचा. नुसते बोट ठेवून मोजण्यापेक्षा वस्तू हलवणे अधिक चांगले, कारण मोजलेले आणि न मोजलेले आपोआप वेगळे होतात आणि ‘टण्’ असा आवाज शब्दाला ताल देतो. तीन झाल्यावर विचारावे, ‘‘किती झाले?’’ पुष्कळ मुले उत्तर देण्याऐवजी पुन्हा एकपासून मोजू लागतात. याचा अर्थ शेवटचा शब्द म्हणजे उत्तर, हे त्यांना अजून कळलेले नाही. अशा वेळी ‘चूक’ म्हणू नये. आपण स्वतः मोजून दाखवावे आणि शेवटी सगळ्या चिंचोक्यांवरून हात गोल फिरवून म्हणावे, ‘‘एक, दोन, तीन. तीन चिंचोके.’’ ही हाताची गोल फेरी महत्त्वाची आहे. तिच्यामुळे ‘तीन’ हे शेवटच्या चिंचोक्याचे नाव नसून सगळ्यांचे मिळून आहे हे दिसते.

मग आठवड्यातून एकदा खेळता खेळता ‘मला इतके दे’ करून पाहावे: ‘‘दुकानदार, मला तीन बुचे द्या.’’ मूल तीन बरोबर देत असेल तर चारकडे जावे, पाच मागितल्यावर मूठ भरत असेल तर परत तीनवर यावे. वर्गातला दुसरा मुलगा पन्नासपर्यंत म्हणतो, हे या ठिकाणी विसरावे.

पाचपर्यंत जमू लागले की तेच पाच चिंचोके एकदा ओळीत, एकदा दूरदूर आणि एकदा ढिगात मांडून विचारावे, ‘‘आता किती?’’ लांब पसरलेल्या ओळीत जास्त आहेत असे मूल ठामपणे सांगेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी याच गोष्टीचा सविस्तर अभ्यास केला होता आणि साधारण सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मुले दिसण्याने फसतात असे त्यांचे निरीक्षण होते. त्यामुळे वाद घालू नये. ‘‘मोजून पाहू या का?’’ एवढेच म्हणावे आणि पुढे जावे.

तिसरी पायरी: न मोजता ओळखणे

एक ते चार वस्तू माणसाचा डोळा न मोजताच ओळखतो. ही क्षमता जोपासण्याचा खेळ अगदी सोपा आहे. वाटीखाली तीन बुचे ठेवावीत, वाटी क्षणभर उचलून परत झाकावी आणि किती दिसली ते विचारावे. फाशावरील ठिपके आणि हाताची बोटे यांच्याबाबतही हेच करावे. पाच बोटे एकदम ‘पाच’ म्हणून ओळखता आली, की सहा म्हणजे ‘एक हात आणि एक’ हे मूल स्वतःच म्हणू लागते. ही पायरी आठ-दहा दिवसांत होते आणि फारशी शिकवावी लागत नाही.

चौथी पायरी: दहाची जुडी, आणि मराठी संख्यांचा घोळ

ट्रेच्या दहा खाचांत एकेक बूच ठेवत जावे. सात भरले की तीन खाचे रिकामे दिसतात. ‘‘दहा व्हायला किती हवेत?’’ हा प्रश्न मुलाला डोळ्यांनीच सोडवता येतो. ही चौकट महिनाभर रोज खेळण्यातील राहिली तरी चालेल. त्यानंतर आईस्क्रीमच्या दहा काड्या मोजून रबरबँड लावावा आणि त्या जुडीला ‘दहा’ म्हणावे. भाजीवालीकडे मेथीची जुडी असते, तशी ही काड्यांची. शाळेत यालाच पुढे दशक आणि सुटे म्हणतील.

आता खरी अडचण सुरू होते आणि ती मुलाची नसून भाषेची आहे. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोनचा अंक आधी येतो, म्हणून मुले २५ ऐवजी ५२ लिहितात. त्यातच ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी, ‘एकोणचाळीस’ म्हणजे चाळिसाला एक कमी, असे म्हणत आपण ‘एकोणनव्वद’पर्यंत जातो आणि ‘नव्व्याण्णव’ला तो नियमही सोडून देतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. जोडाक्षरांचा आणि उलट क्रमाचा मुलांना होणारा त्रास कमी व्हावा, अशी भूमिका त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मांडली होती. भाषा म्हणून मला ‘पंचवीस’ प्रिय आहे आणि ते जाऊ नये असेच मला वाटते, परंतु जुड्या हातात असताना ‘दोन दहा आणि पाच’ किंवा ‘वीस आणि पाच’ म्हणणे मुलाला निश्चित सोपे जाते.

म्हणून असे करावे: दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या ठेवाव्यात. आधी ‘वीस आणि पाच’ म्हणावे, मग ‘म्हणजे पंचवीस’ असे नाव सांगावे. एकोणतिसासाठी दोन जुड्या व नऊ सुट्या काड्या ठेवून विचारावे, ‘‘तिसरी जुडी बांधायला किती कमी पडली?’’ एक कमी पडली, हे दिसताच ‘एकोणतीस’ या शब्दातील ‘एकोण’चा अर्थ मुलाला कळतो, आणि घोळ वाटणारा शब्दच मदतीला येतो. ‘कमी पडणे’ हे त्याला ताटे मांडताना कळलेलेच असते.

नाणी मात्र या टप्प्यावर जपून वापरावीत. दहा रुपयांचे एक नाणे म्हणजे एक रुपयाची दहा, हे मानण्यास मूल तयार नसते, कारण जुडी सोडून पाहता येते आणि नाणे सोडता येत नाही. शिवाय आता भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे आपण मोबाइलनेच पैसे देत असल्याने मुलांनी सुटे पैसे हाताळलेलेच नसतात. शंभरेक रुपयांची नाणी घरात डब्यात ठेवून सहाव्या वर्षाच्या सुमारास ‘दुकान’ मांडावे.

पाचवी पायरी: संख्यांची वाट

सोसायटीच्या आवारात किंवा पोडियमवर खडूने एका सरळ रेषेत दहा घरे आखून त्यांत डावीकडून उजवीकडे १ ते १० अंक लिहावेत. फाशाच्या बाजूंवर कागद चिकटवून त्यावर फक्त एक आणि दोन ठिपके काढावेत. मुलाने स्वतःच सोंगटी व्हायचे. नियम एकच आहे, पण तो काटेकोरपणे पाळावा: मूल ५ वर उभे असून दोन पडले तर चालताना ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ असे म्हणायचे.

रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील गरीब कुटुंबांतल्या बालवाडीच्या मुलांना अशाच दहा घरांच्या सरळ पटावर दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळवले होते. त्यांची संख्यांची समज वाढली. अंकांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांची तशी वाढली नाही. आपली सापशिडी याच कारणासाठी चार वर्षांच्या मुलाला आधी देऊ नये: तिची प्रत्येक ओळ दिशा बदलते, आणि शिडी चढण्याच्या आनंदात घरांवरचे अंक कोणी वाचत नाही. सहाव्या वर्षी ती जरूर काढावी.

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा पाम बीच रस्त्यालगतच्या उंच इमारतीत राहणाऱ्यांकडे संख्यांची उभी वाट आयतीच असते. लिफ्टमध्ये विचारावे, ‘‘आपण सातव्यावर, आजी चौथ्यावर, वर जायचे की खाली? किती मजले?’’ पार्किंगचे मजले तळमजल्याच्याही खाली असतील तर शून्याच्या खाली काय असते हा प्रश्न मूल स्वतःच विचारते. त्याचे संपूर्ण उत्तर देण्याची घाई नसावी.

सहावी पायरी: मिळवणे आणि काढणे

तीन बुचे वाटीखाली झाकावीत, दोन बाहेर ठेवावीत आणि एकूण किती असे विचारावे. सुरुवातीला मूल वाटी उचलून सगळी मोजेल, उचलू द्यावी. काही दिवसांनी ते वाटीवर हात ठेवून ‘तीन’ म्हणेल आणि पुढे ‘चार, पाच’ मोजेल. खडूच्या वाटेवर ‘सहा, सात’ म्हणत चालण्याचा सराव इथे उपयोगी पडतो.

वजाबाकीसाठी माझा आवडता खेळ ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधला आहे. ठाण्याहून वाशीला जाताना दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी अशी आठ स्थानके लागतात. मुलाच्या डाव्या खिशात आठ चिंचोके द्यावेत आणि प्रत्येक स्थानक आले की एक उजव्या खिशात टाकायला सांगावे. मध्येच विचारावे, ‘‘किती स्थानके झाली? किती राहिली?’’ दोन्ही खिशांतले मिळून नेहमी आठच असतात, हे घणसोलीच्या आसपास कधीतरी मुलाच्या लक्षात येते. गर्दीच्या वेळी हा खेळ अर्थातच शक्य नाही.

माप आणि आकार

यांना वेगळी पायरी लागत नाही, ते आधीपासून सोबत चालू शकतात. आंघोळीच्या वेळी एका तांब्यात किती पेले पाणी मावते ते पाहावे. हँगरच्या दोन टोकांना पिशव्या अडकवून तराजू करावा आणि एका कांद्याला किती चिंचोके लागतात ते तोलावे. खोलीची लांबी आधी बाबांच्या आणि मग स्वतःच्या पावलांनी मोजून उत्तरे वेगळी का येतात, यावर मुलालाच तर्क करू द्यावा.

आकारांसाठी ठिपक्यांच्या रांगोळीसारखे दुसरे साधन नाही. आधी तीन ओळींत तीन-तीन ठिपके काढून जोडायला द्यावेत. पुढे ‘पाच ते तीन’ घ्यावी, म्हणजे मधल्या ओळीत पाच, तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार आणि त्यापलीकडे तीन-तीन ठिपके. मोठ्या मुलाला एकूण ठिपके मोजायला सांगितले तर एकोणीस येतात आणि ते मोजण्याच्या युक्त्या ते स्वतः शोधते. वारली चित्रातील माणूसही करून पाहावा: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल.

सातवी पायरी: अंक लिहिणे

हे पाच वर्षांनंतर सुरू झाले तरी काही बिघडत नाही. ताटात रवा किंवा बारीक रेती पसरून बोटाने गिरवण्याची आपली जुनी धूळपाटी पेन्सिलीपेक्षा बरी, कारण चूक पुसायला ताट हलवले की पुरते. अंक लिहिल्यावर त्याच्याशेजारी तितके चिंचोके ठेवायला सांगावे. मराठी आणि इंग्रजी अंक शेजारी शेजारी शिकवू नयेत. आपला ५ इंग्रजी चारसारखा आणि आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, त्यामुळे मुले हमखास गोंधळतात. शाळेत जे अंक चालतात ते आधी पक्के करावेत आणि मराठी अंक नंतर बसच्या पाट्यांवर ओळखायला द्यावेत. तीन उलटा लिहिणे सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास आढळते, त्यासाठी चिडू नये. मात्र सात वर्षे पूर्ण झाल्यावरही मुलाला पाच वस्तू मोजून देता येत नसतील तर शिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावे.

साठवण

आपल्याकडच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या चौकटींना बुरशी येते आणि चिंचोक्यांना कीड लागते; छोटी छिद्रे दिसली की ते चिंचोके टाकून द्यावेत. जूनच्या आधी चिंचोके दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत आणि वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. बरणी भरताना मुलाला सोबत घ्यावे आणि दहा-दहाचे ढीग करूनच आत टाकावेत, म्हणजे गणपतीत ती पुन्हा उघडताना किती हरवले ते मोजता येते.